पुसलेला अर्ज

सोनईला टायपिंगचं दुकान टाकण्याआधी भीमराज पगारे नगरला कोर्टाच्या भिंतीलगत टाइपरायटर घेऊन बसायचा. अकरा वर्षं बसला. माणूस आपलं रडगाणं सांगत असतानाच त्याच्या मनात परिच्छेद पडत जायचे, आणि 'विनंती विशेष' लिहून होईपर्यंत अर्ज तयार असायचा. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याने बंद पडलेल्या एका क्लासचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला आणि सोनईच्या स्टँडसमोर गाळा धरला.

कॉम्प्युटरवर काम सुरू झाल्यावर त्याला एक सवय लागली. ज्याचा अर्ज त्याच्या नावाची फाइल. माणूस पुन्हा आला की तारीख बदलून पुन्हा छापून द्यायचा. लोकांना याचं अप्रूप वाटे. "माझा हाय ना आत? काढा मंग," असं म्हणत ते बाकावर बसायचे. कोर्टाबाहेर तो अर्ज टाइप करून कागद हातात द्यायचा, की त्याच्याजवळ काही उरत नसे. आता सगळं उरत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

चांगुणा पहिल्यांदा आली ती अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये, बाजाराच्या दिवशी. पस्तिशीची बाई. नवरा वारल्यावर शिंगणापूरला वडिलांकडे राहायला आलेली. तिथून दोन मैलांवर बोरवस्ती होती आणि तिथे एका संस्थेची बालवाडी होती. त्या बालवाडीत ती पोरांचा खाऊ शिजवायची. संस्थेचं ऑफिस नगरला. दर महिन्याला तिथून गहू, मटकी, तेल यायचं आणि ते गहिनीनाथच्या शेडमध्ये उतरायचं, कारण वस्तीवर पक्कं बांधकाम तेवढंच. गहिनीनाथ मोठा बागायतदार, शिवाय बालवाडीच्या समितीचा अध्यक्ष.

"पोरं मटकीच्या नुसत्या पान्यात भाकर चुरून खात्यात," चांगुणा म्हणाली. "मटकी कुठं जाती ते मी डोळ्यानं बघितलंय. टेम्पोत जाती."

"अध्यक्षाचं नाव घालायचं का?"

"घाला. त्याचं न्हाई घातलं तर माजंच घालतील."

भीमराजने अर्ज टाइप केला, दोन प्रती छापल्या. ती सोमवारी वडिलांना घेऊन नगरला जाणार होती. त्याने सांगितलं, एक प्रत ऑफिसात द्या आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का घ्या. तिने दोन्ही कागद पदराखाली धरले आणि गेली.

शुक्रवारी गहिनीनाथ दुकानात आला. त्याला सप्ताहाचं पत्रक छापायचं होतं, मागच्या खेपेचंच, फक्त कीर्तनकारांची नावं बदलून. भीमराजने फाइलींची यादी उघडली. गहिनीनाथ मागे उभा राहून वाचत होता.

"लई नावं हायेत की," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चांगुणा. ही आमच्या बालवाडीतली का?"

"गिऱ्हाइकांची कामं आहेत," भीमराज म्हणाला आणि पत्रक उघडलं.

"बरं. चहा सांगता का? तवर मी नावं तपासतो."

चहाचं हॉटेल स्टँडच्या पलीकडे होतं. भीमराज उठून गेला. तो कुणासाठीही असाच उठून जायचा, असं त्याने नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर यादी उघडी टाकून गेलो असतो का, याचं उत्तर त्याला कधी देता आलं नाही. परत आला तेव्हा गहिनीनाथ एक कागद घडी करून खिशात ठेवत होता. पत्रकाचा कच्चा कागद असेल, असं त्याला वाटलं. संध्याकाळी दुकान आवरताना शेवटी उघडलेल्या फाइलींत सगळ्यात वर चांगुणाचं नाव दिसलं, आणि तो खुर्चीत तसाच बसून राहिला.

सकाळी पहिल्या गाडीने तो शिंगणापूरला गेला. शनिवार होता. शनीच्या दर्शनाला तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या माळा घेऊन आलेल्या लोकांच्या रांगेतून वाट काढत तो तिच्या घरी पोचला. उंबऱ्याशी उभं राहून त्याने हाक मारली. चांगुणा तांदूळ निवडत होती.

"येऊन गेला," ती वर न बघता म्हणाली. "कागुद वाचून दावला. सगळा. माज्या बापासमोर. आवाज चढवला न्हाई का शिवी दिली न्हाई. शेवटाला म्हनला, लिवलंय झ्याक."

"चूक माझी आहे."

"तुमच्यापासनं कसा गेला त्यो?"

"मी चहा सांगायला गेलो होतो."

तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. तिच्याजवळच्या दोन्ही प्रती वडिलांनी चुलीत घातल्या होत्या. गहिनीनाथने तिला कामावरून काढलं नव्हतं. शिजवत जा, बोलू नको, एवढंच सांगून तो गेला होता.

भीमराज त्या दिवसापासून नीट झोपला नाही, असं त्याची बायको सीमा सांगायची. तिनेच आपल्या मावसबहिणीचं नाव काढलं. वृषाली नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. भीमराज तिच्याकडे गेला आणि त्याने झालेलं सगळं सांगितलं.

"भावजी, तुमच्या मशीनला कुलूपच नाही," वृषाली म्हणाली. "जो खुर्चीत बसेल तो मालक."

तिने त्याला एक सीडी दिली. कुठल्याशा इंग्रजी मासिकाबरोबर आलेली होती आणि तिच्यावर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स होतं. पैसे पडत नाहीत, पण शिकावं लागतं, असं तिने बजावलं. यात चित्रं नाहीत, चुचकारणं नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. तुम्ही बरोबर सांगितलं तर ते करतं, चूक सांगितलं तरी करतं.

त्याने सहा महिने घेतले. पहाटे उठून सहाच्या सुमारास दुकान उघडायचं, वीज असेल तोवर शिकायचं आणि पहिली गिऱ्हाइकं यायच्या आत बंद करायचं. दोनदा सगळी डिस्क पुसून बसला. पहिल्यांदा पत्रिकांची कामं गेली, तेव्हा सीमाने आपल्या हाताने तीन पत्रिका लिहून काढल्या. त्याचं इंग्रजी अर्जापुरतंच होतं. वृषालीने वहीत लिहून दिलेल्या आज्ञा तो पाठ करायचा, मग हळूहळू त्यांचा अर्थ लागू लागला. एक गोष्ट त्याला फार आवडली. त्या यंत्रात प्रत्येक फाइलीला मालक असायचा. कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी हातही लावायचा नाही, हे त्या फाइलीसमोरच मांडलेलं असे. असं काही आपण आयुष्यात पाहिलेलं नाही, असं तो एकदा सीमाला म्हणाला. ती हसली. तो हसला नाही.

अडचण एकच होती. लिनक्समध्ये त्याचं मराठी टायपिंग चालेना. मराठीचं सॉफ्टवेअर विंडोजवरच होतं. तेव्हा त्याने डिस्कचे दोन भाग केले. अर्ज विंडोजमध्ये टाइप करायचा, छापायचा. मग मशीन बंद करून लिनक्समध्ये चालू करायचं आणि तिथून विंडोजच्या भागात शिरून तो अर्ज पुसायचा. नुसता पुसून भागत नाही, हे त्याला वृषालीने शिकवलं होतं. फाइल पुसली तरी अक्षरं डिस्कवर पडून राहतात, जाणकार माणूस ती उचलतो. म्हणून सगळी रिकामी जागा शून्यांनी भरून काढायची.

"दुसराही एक मार्ग आहे," तेव्हा वृषाली म्हणाली होती. "कुलूप लावणारा प्रोग्राम आहे. अर्ज ठेवायचा, पण तुमच्या गुप्त शब्दाशिवाय कुणाला वाचता येणार नाही. पुसलेलं परत येत नाही, भावजी. विचार करा."

"शब्द माझ्याजवळ राहणार ना? मग नको."

"का?"

"माझ्यावर माझा भरवसा नाही. मला कुणी चहा सांगायला उठवलं, तर मी उठतो."

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये चांगुणा पुन्हा आली. मधल्या काळात ती स्टँडवर दिसायची, पण दुकानाकडे बघायची नाही. आता येऊन सरळ बाकावर बसली.

"तेल बी यायचं बंद झालंय," ती म्हणाली. "धा-बारा पोरं यायची, ती बी येईनात. आया मला इचारत्यात. पुन्यांदा अर्ज करायचाय."

"दुसरीकडे गेला असता तरी चाललं असतं," भीमराज म्हणाला. "राग आला नसता."

"कुठं जाऊ? तुमचं काय चुकलं ते तरी मला ठाव हाय. दुसऱ्याचं काय चुकंल, कुनाला ठाव."

त्याने अर्ज टाइप केला, या वेळी जास्त काळजीने. कोणत्या महिन्यात किती पोती उतरली, टेम्पो कोणत्या वारी आला, सगळं. दोन प्रती छापल्या. तिने कागद हातात घेतले आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"आता ऱ्हातंय का आत?"

"नाही."

"मंग माज्यादेखत पुसा."

त्याने मशीन बंद करून दुसऱ्या भागात चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. पुसायला क्षणही लागला नाही, पण जागा भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. चांगुणा तेवढा वेळ पडद्याकडे बघत बसली. गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने संध्याकाळी यायला सांगितलं.

"झालं," तो म्हणाला. "आता तुम्ही म्हणालात तरी मला काढता यायचा नाही."

तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. भीमराजला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

"एक प्रत जादा देऊ का? घरी ठेवा."

"आमच्या गावात कुनाच्याच घराला दार न्हाई का कवाड न्हाई. ठिवू कुठं? आन बा पुन्हा चुलीत घालील."

"मग पोच मात्र घ्या. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका."

ती नगरला गेली. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि शिक्का साहेबांच्या कपाटात आहे, साहेब मीटिंगला गेलेत, असं सांगितलं. दोन्ही प्रती ठेवून जा, सोमवारी पोच घेऊन जा. तिने दोन्ही प्रती दिल्या. त्या सोमवारी तिला रजा मिळाली नाही. पुढच्या महिन्यात गेली तेव्हा खुर्चीत तोच कारकून होता. त्याने विचारलं, कसला अर्ज?

भीमराजला हे तिने बाजारात सांगितलं. तो म्हणाला, लगेच दुसरा करू. ती म्हणाली, "थांबा जरा. आत गेला असंल सायबापातुर. म्हनून बोलत नसंल." त्यानेही फार ताणलं नाही.

ऑगस्टमध्ये संस्थेची माणसं अचानक बोरवस्तीवर आली आणि शेडमधला माल मोजला. कागदावर होता त्याच्या निम्माही निघाला नाही. गहिनीनाथने तिथल्या तिथे लिहून दिलं, की शेडची किल्ली स्वयंपाकीणबाईंकडे असते. आठ दिवसांनी चांगुणाला नोटीस आली. माल कुठे गेला याचा खुलासा करावा, नगरला चौकशीला हजर राहावं.

ती नोटीस घेऊन दुकानात आली. तिला वाचता यायचं, पण तिने त्याच्याकडून वाचून घेतली.

"मी मार्चातच सांगितलं हुतं की," ती म्हणाली. "आदी मीच सांगितलं, मंग चोर मी कशी? तुमी त्यो अर्ज काढून द्या. तारीख हाय ना त्याच्यावर."

भीमराजने कॉम्प्युटरकडे पाहिलं. तिलाही आठवलं असावं. तिने नोटिशीची घडी केली, उघडली, परत केली.

"कुठंतरी असंल," ती म्हणाली. "एखांदा तुकडा."

"बघतो," तो म्हणाला.

तीन दिवस दुकान बंद ठेवून त्याने शोधलं. डिस्क कशी वाचायची, हे त्याला आता येत होतं. फाइलींतून नाही, तर थेट पृष्ठभागावरून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. त्याच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव डिस्कवर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं दिसायचं, आणि चांगुणाच्या नावाची खिचडी त्याला पाठ होती. ती अक्षरं देऊन त्याने शोध लावला. तासाभराने शोध संपला, एकही ओळ आली नाही. तिच्या आडनावाने शोधलं, गहिनीनाथच्या नावाने शोधलं. सप्ताहाचं पत्रक सापडलं. फ्लॉप्या काढल्या, एकेक लावून पाहिली. वृषालीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जागा भरताना मधेच कधी वीज गेली होती का? गेली असती तर काही उरलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी वीज गेली नाही."

"मग तुम्ही काम नीट केलंय, भावजी," ती म्हणाली.

पहिल्या अर्जाची फाइल डिस्क पुसली गेली तेव्हाच गेली होती. राहता राहिली एकच प्रत. अठ्ठ्याण्णवच्या जूनची, गहिनीनाथच्या खिशात गेलेली. भीमराज बोरवस्तीवर गेला. गहिनीनाथने त्याला पडवीत खुर्ची दिली, घरातून चहा मागवला.

"जूनच्या अर्जाचा एक कागद तुमच्याकडे आहे," भीमराज म्हणाला. "तो द्या. मी कुणी दिला ते सांगणार नाही."

"तुमच्या मशिनीतला कागद माझ्याकडं कसा येईल?" गहिनीनाथने शांतपणे विचारलं. "म्हणजे तुम्ही एकाचे कागद दुसऱ्याला देता का? तसं असंल तर चौकशीत सांगा. लोकांना कळू द्या."

"मुलं उपाशी राहिलीत, अध्यक्ष."

"म्हणून तर चौकशी चाललीय. चहा घ्या."

चहा तसाच ठेवून तो उठला. फाटकापर्यंत गहिनीनाथ त्याला सोडायला आला.

चौकशीला तो चांगुणाबरोबर नगरला गेला. लांबट टेबलामागे तिघे बसले होते. मधले संस्थेचे सचिव, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारे. त्यांनी चांगुणाला फार विचारलं नाही. ती म्हणाली, "मी अर्ज दिला हुता," तेव्हा त्यांनी कारकुनाला बोलावलं. त्याने आवकेचं रजिस्टर आणून मार्च महिना दाखवला. त्यात तो अर्ज नव्हता.

"अर्ज मी टाइप केला," भीमराज उभा राहून म्हणाला. "मजकूर मला तोंडपाठ आहे. सांगतो."

"प्रत आहे का?"

"नाही. पुसली."

"का पुसली?"

"कुणी वाचू नये म्हणून."

"तक्रारीचा अर्ज," सचिव म्हणाले, "तो तर वाचावा म्हणूनच करतात ना?"

भीमराजने गेल्या वर्षीची, जूनमधली गोष्ट सांगितली. चहाला उठलो, तेही सांगितलं. टेबलामागच्या बाई काहीतरी लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला. सचिवांनी चष्मा खाली घेतला.

"म्हणजे तुमच्या दुकानातून एक अर्ज बाहेर गेला असं तुम्हीच म्हणता, आणि दुसरा तुम्हीच नाहीसा केला. आणि आम्ही तुमच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा."

"हो," भीमराज म्हणाला.

"बसा."

त्याला आणखी काही विचारलं नाही. चांगुणाने सही केली. कशावर करतेय, हे त्याने तिच्या खांद्यावरून वाचलं. माल तिच्या ताब्यात होता, एवढंच त्यात होतं. तो म्हणाला, करू नका. ती म्हणाली, "न्हाई केली तर पुन्हा यावं लागंल. पुन्हा गाडीचं पैसं कुठनं आनू?" आणि तिने सही केली.

परतीच्या गाडीत दोघांना जागा वेगवेगळ्या मिळाल्या. घोडेगावला माणसं उतरली, तेव्हा तो तिच्या शेजारी जाऊन बसला. त्याला माफी मागायची होती, पण कशाची मागायची ते ठरेना. राहिलेल्या अर्जाची, की पुसलेल्या?

"तुमी पुसला ते बरंच केलं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मीच म्हनले हुते. माज्यादेखत."

असं तिने म्हणायला नको होतं, असं त्याला वाटलं.

दिवाळीआधी तिला कामावरून काढलं. संस्थेने पोलिसांत कागद दिला, तो पुढे सरकला नाही आणि मागेही घेतला गेला नाही. तो तसाच असल्याने तिला दुसरीकडे कुणी कामावर घेईना. बोरवस्तीवरची बालवाडी बंद झाली. शेड गहिनीनाथने कांदा साठवायला घेतली.

भीमराजने वृषालीकडून तो कुलूप लावणारा प्रोग्राम आणला आणि शिकून घेतला. त्यानंतर महिनाभर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, पुसू की कुलपात ठेवू? लोक गोंधळून त्याच्याकडे बघायचे. एक म्हातारा म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं? तुमाला बरं वाटंल तसं करा." मग त्याने विचारणं सोडून दिलं. कुणाचा ठेवी, कुणाचा पुशी, आणि दोन्ही वेळा घरी जाताना त्याला चुकल्यासारखं वाटे.

पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर चांगुणा अकोले तालुक्यात भाताच्या लावणीला गेली आणि तिकडेच राहिली, असं त्याला कळलं. तिचे वडील एकदा बाजारात भेटले. भीमराजने तिचा पत्ता विचारला. दोन ओळी पाठवाव्यात, एवढंच मनात होतं.

म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवली.

"नका पाठवू," तो म्हणाला. "पोस्टमन समद्यांम्होरं नाव घेऊन हाक मारतो तिकडं. मंग लोक इचारत्यात, कुनाचा कागुद आलाय."

भीमराजने मान हलवली. म्हाताऱ्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि तो गाडीकडे चालू लागला.